दाढेची कळ मराठीत, डॉक्टर जर्मन

वाचकाचं पत्र

ताई, मी मूळची सांगलीची. लग्न होऊन आठ महिन्यांपूर्वी स्टुटगार्टला आले. तीन आठवड्यांपासून खालची डावी दाढ त्रास देते आहे. थंड पाणी लागलं की सणक जाते आणि पाच-सात मिनिटं राहते. गेल्या दोन रात्री तर ठणक्यानं झोपच लागली नाही. घराजवळच्या दोन दवाखान्यांत फोन केला. दोन्हीकडच्या बाया ‘काइन एंग्लिश’, म्हणजे इंग्रजी नाही, म्हणाल्या आणि मी घाबरून फोन ठेवला. माझं जर्मन ए-वनचं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं, आणि खरं सांगायचं तर इंग्रजीही काही फर्डं नाही. आमचा पब्लिक इन्शुरन्स आहे, पण इथे दाताचं काम फार महाग असतं असं सगळे म्हणतात. मिस्टर म्हणतात, डिसेंबरात सांगलीला जातोच आहोत, आपल्या डॉक्टरांकडूनच करून घेऊ. आईनं येताना अँटिबायोटिकची एक स्ट्रिप दिली होती, ती सुरू करू का? आणि इथे इंग्रजी बोलणारा चांगला डेंटिस्ट शोधायचा कसा?

उत्तर

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा अगं-तुगंच करते.

आधी डिसेंबरचं बोलू, कारण पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. थांबू नकोस. मी डेंटिस्ट नाही, पण जर्मनीत सतरा वर्षं राहते आहे आणि ‘इंडियात गेल्यावर बघू’ म्हणून ठेवलेल्या दाढांचं पुढे काय होतं ते जवळून पाहिलं आहे. गार लागल्यावर दात शिवशिवला आणि लगेच थांबला, तर बहुतेक वेळा आतली नस अजून सावरू शकते. पण गार लागून गेल्यावरही कळ मिनिटं-मिनिटं रेंगाळते आणि रात्री काहीही न लागता ठणका सुरू होतो, तेव्हा नसेला आलेली सूज आपोआप उतरण्याची शक्यता फारच कमी असते. तू लिहिलेली लक्षणं दुसऱ्या प्रकारची आहेत. कधी कधी असा ठणका आठवड्याभरात थांबतो आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. खरं तर त्या वेळी आतली नस मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाकडे निघालेले असतात. मग ऐन विमानात, नाहीतर सांगलीत पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गाल सुजतो.

ती अँटिबायोटिकची स्ट्रिप परत डब्यात ठेव. आईनं मायेनं दिली आहे हे मला कळतं, माझ्याही बॅगेत असायची. पण नस सुजल्यामुळे होणारी वेदना अँटिबायोटिकनं जात नाही. तिथे दात उघडून आतलं साफ करणं हाच उपाय. अँटिबायोटिक कधी लागतं, तर संसर्ग दाताबाहेर पसरायला लागला तर, आणि ते डॉक्टरनं ठरवायचं. आज रात्रीपुरती 400 मिलिग्रॅमची इबुप्रोफेनची गोळी औषधाच्या दुकानात, म्हणजे इथल्या आपोटेकमध्ये, चिठ्ठीशिवाय मिळते. उपाशीपोटी घेऊ नकोस. पोटात अल्सर असेल, किडनीचा त्रास असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर काउंटरवर तसं सांगून दुसरी गोळी माग. लवंग धरतेस का? धर. लवंगेतल्या युजेनॉलनं खरंच बधिरपणा येतो, आजीचं त्यात चुकलं नव्हतं. फक्त तेल असेल तर कापसाला अगदी थेंबभर लाव, हिरडी भाजते.

गाल किंवा जबड्याखाली सूज आली आणि बरोबर ताप, गिळायला त्रास, तोंड उघडेनासं होणं किंवा श्वास जड होणं यातलं काही दिसलं, तर भाषा, इन्शुरन्स सगळं बाजूला ठेवून 112 ला फोन करायचा. हे मिस्टरांनाही वाचून दाखव.

आता डेंटिस्ट कसा शोधायचा ते. तू फोन केलास, समोरून ‘काइन एंग्लिश’ आलं आणि तू फोन ठेवलास. माझ्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, आणि मग दिवसभर कुणाशी बोलावंसंही वाटलं नव्हतं. म्हणून सांगते, ते उत्तर डॉक्टरचं नसतं, रिसेप्शनवरच्या बाईचं असतं. तिच्यासमोर रांग असते, फोनवर परक्या भाषेत तारीख-वेळ चुकली तर बोलणी तिलाच बसतात, म्हणून ती आधीच हात वर करते. आत बसलेल्या डॉक्टरला बहुतेक वेळा कामापुरतं इंग्रजी येतं. म्हणून फोन करूच नकोस, स्वतः जा. सकाळी दवाखाना उघडतो त्या वेळी दारात उभी राहा, इन्शुरन्सचं कार्ड हातात घे, दाढेवर बोट ठेव आणि म्हण: ‘इश हाबे श्टार्के त्सानश्मेर्त्सन. कान इश हिअर वार्टन?’ मला दातात खूप दुखतंय, इथे थांबू शकते का? अपॉइंटमेंट नसताना दुखणं घेऊन आलेल्या माणसाला इथे ‘श्मेर्त्सपात्सिएन्ट’ म्हणतात आणि बहुतेक दवाखाने अशांसाठी रोज थोडी वेळ राखून ठेवतात. दोन तास बसावं लागेल, पण दुखणाऱ्या माणसाला सहसा परत पाठवत नाहीत. एकीकडे जमलं नाही तर पुढच्या गल्लीत जा. रात्री किंवा शनिवार-रविवारी असह्य झालं तर दातांची वेगळी आणीबाणी सेवा असते, ‘त्सानएर्त्स्टलिशर नोटडीन्स्ट’. स्टुटगार्टसाठी तिचा नंबर आत्ताच शोधून फोनमध्ये ठेव.

ही झाली उद्याची सोय. कायमचा डेंटिस्ट मात्र शांतपणे शोध. डॉक्टरांची वेळ घ्यायची ‘डॉक्टोलिब’ नावाची वेबसाइट आहे, तिच्यावर भाषेप्रमाणे आणि इन्शुरन्सच्या प्रकाराप्रमाणे गाळता येतं, तिथे ‘गेझेत्सलिश’ म्हणजे आपला पब्लिक निवडायचा. तुमच्या इन्शुरन्सवाल्यांनाही विचार, ते डॉक्टर शोधून द्यायला मदत करतात. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कुणी चांगला डेंटिस्ट सांगा’ असं टाकू नकोस, पंधरा नावं येतील आणि एकाचाही उपयोग होणार नाही. असं विचार: डॉक्टर स्वतः इंग्रजी बोलते की फक्त काउंटरवरची मुलगी? पब्लिक इन्शुरन्स चालतो का? आणि काम झाल्यावर न सांगितलेलं बिल घरी आलं होतं का? तिसऱ्या प्रश्नाला जी उत्तरं येतील, ती नीट वाच.

स्टुटगार्टची एक खासियत तुझ्या कामी येईल, पण जपून. फायहिंगन आणि बोब्लिंगन भागात अमेरिकन लष्कराचे तळ आहेत, त्यामुळे तिकडे उत्तम इंग्रजी बोलणारे डेंटिस्ट सहज सापडतात. पण त्यातले काही दवाखाने निव्वळ प्रायव्हेट असतात, तिथे तुझं कार्ड चालणार नाही आणि सगळं बिल तुझ्या हातात पडेल. दारावरची पाटी बघ. ‘आले कासन’ लिहिलं असेल तर सगळे पब्लिक इन्शुरन्स चालतात. ‘प्रिव्हाटप्राक्सिस’ लिहिलं असेल तर आत जाण्याआधी विचार. इंग्रजी बोलणाऱ्यांची यादी हातात आली की हा फरक विसरायला होतो आणि मग लोक म्हणतात, जर्मनीत दाताचं काम महाग.

ते खरंच महाग आहे का? तुझ्या कार्डावर तपासणी वर्षातून दोनदा, एक्स-रे, जरूर असेल तेव्हा भूल, दात काढणं, साधं सिमेंट भरणं आणि वर्षातून एकदा दातांवरचं कीटण काढणं, हे सगळं इन्शुरन्समध्ये बसतं. आपल्याकडे ज्याला चांदी भरणं म्हणतात ते अमाल्गम युरोपीय संघात 1 जानेवारी 2025 पासून जवळपास बंद झालं. त्याच्या जागी मागच्या दाढांनाही वरचा खर्च नसलेला एक पर्याय डॉक्टरनं द्यावा लागतो. त्याहून चांगलं दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट हवं असेल तर वरचे पैसे आपले, आणि ते आधी लेखी ठरवावे लागतात. रूट कॅनालही बऱ्याचदा बसतं. दाढांच्या बाबतीत मात्र काही अटी आहेत: त्या बाजूची दातांची ओळ त्यामुळे अखंड राहत असेल, किंवा ती दाढ गेल्यावर ओळ मागून उघडी पडणार असेल, तर पब्लिक इन्शुरन्स पैसे देतो. तुझ्या तोंडात मधला एकही दात पडलेला नसेल, तर तुझी बाजू भक्कम आहे. शिवाय तू नोकरी करत नसलीस तरी मिस्टरांच्या पब्लिक इन्शुरन्समध्ये बायको म्हणून वेगळा हप्ता न भरता येतेस, तेव्हा हे तुला कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही.

पैसे लागतात ते कॅपला. इथे तिला क्रोने म्हणतात. इन्शुरन्स साध्या, ठरलेल्या प्रकारच्या कॅपच्या खर्चाचे 60 टक्के देतो. सलग पाच वर्षं दरवर्षी तपासणी करून घेतल्याचे शिक्के ‘बोनुसहेफ्ट’ नावाच्या छोट्या वहीत असतील तर 70 टक्के, दहा वर्षांचे असतील तर 75. पहिल्याच भेटीत ही वही मागून घे, शिक्का मार म्हण. फुकट मिळते आणि पुढे शेकडो युरो वाचवते, तरी आपल्यातल्या कित्येकांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं. उत्पन्न फारच कमी असेल तर साध्या कॅपचा पूर्ण खर्चही मिळू शकतो. कॅप बसवण्याआधी डॉक्टर खर्चाचा आराखडा करून इन्शुरन्सकडे पाठवते, तो मंजूर झाल्यावरच काम सुरू होतं. या आराखड्याचं नाव ‘हाइल-उंड-कोस्टनप्लान’. हा कागद घरी आण, मिस्टरांबरोबर बसून वाच, पटला नाही तर दुसऱ्या डॉक्टरला दाखव. दातांचा वेगळा जादा विमा काढायचा असेल तर तो आज दुखणाऱ्या दाढेसाठी उपयोगाचा नाही, कारण डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलेलं काम त्यात बसत नाही. बाकीच्या दातांसाठी पुढे विचार कर.

आता माझी एक गोष्ट. 2009 मध्ये म्युनिकमधल्या एका दवाखान्यात मी तीन दातांत सिमेंट भरून घेतलं. डॉक्टर छान इंग्रजी बोलायचा. भराभर बोलायचा. मला निम्मं कळत होतं आणि मी प्रत्येक वाक्याला ‘या, या’ करत होते. मधेच एक कागद पुढे आला, त्यावर सही केली. तीन आठवड्यांनी 210 युरोंचं बिल आलं. मी रडले, फसवलं म्हणाले. नवऱ्यानं कागद काढून वाचला, त्यावर सगळं लिहिलेलं होतं. त्या डॉक्टरनं खोटं काही केलं नव्हतं. पण मला समजलंय का, हे त्यानं एकदाही थांबून पाहिलं नाही, आणि ‘कळलं नाही’ म्हणायची मला लाज वाटली. त्यानंतर मी ज्या बाईंकडे गेले त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं. त्यांनी हातात आरसा दिला, एक्स-रे पडद्यावर मोठा करून पेन्सिलीनं काळा डाग दाखवला, कागदावर दाताचं चित्र काढलं, त्याच्या एका बाजूला शून्य युरो आणि दुसऱ्या बाजूला सत्तर युरो लिहिलं आणि पेन माझ्याकडे सरकवलं. तेरा वर्षं मी त्यांच्याकडे जाते आहे.

म्हणून तू ‘इंग्रजी बोलणारा चांगला डेंटिस्ट’ असं जे लिहिलंस, त्यातला ‘चांगला’ आधी शोध. इंग्रजी तुझ्या घरची भाषा नाही आणि इथल्या डॉक्टरबाईच्याही घरची नाही, दोघी छोटीच वाक्यं बोलणार आहात, आणि दातासाठी छोटी वाक्यं पुरतात. बघायचं ते हे: ती तुझं उत्तर येईपर्यंत थांबते का? जादा पैशांचा पर्याय सांगताना इन्शुरन्समध्ये बसणाराही सांगते का? कागद घरी न्यायचा म्हटल्यावर तिचा चेहरा बदलतो का? काम सुरू करण्याआधी सांगून ठेव की मी डावा हात वर केला की थांबायचं. हात वर केल्यावर जी थांबते, तिच्याकडे परत जा.

भाषा खऱ्या अर्थानं अडते ती दुखणं सांगताना. आपल्याकडे दातदुखीला केवढे शब्द आहेत: शिवशिवतं, आंबतं, सणक जाते, कळ येते, ठसठसतं, ठणकतं. या प्रत्येकातून डॉक्टरला वेगळं काही कळतं, आणि इंग्रजीत शिरताना आपण सगळ्याचं ‘पेन’ करून टाकतो. तसं करू नकोस. ठणका म्हणजे ‘पोखन्ट’. ओढल्यासारखी, शिवशिवीची कळ म्हणजे ‘त्सीअन्ट’. टोचल्यासारखी सणक म्हणजे ‘श्टेशन्ट’. हे तीन शब्द कागदावर लिहून ने. खाली लिही: गार लागल्यावर किती मिनिटं राहते, गरम लागलं की वाढते का, चावताना दुखतं का, रात्री जाग येते का, कोणती गोळी किती घेतली. आजच्या रात्री याकडेच लक्ष ठेव. डॉक्टर दातावर गार फवारा मारलेला बोळा लावून बघेल, दात ठोकून बघेल. असं करणार हे तुला आता माहीत आहे, तेव्हा दचकू नकोस.

आणखी एक सोय अशी आहे की दातांना आकडे असतात, आणि ते सांगलीत आणि स्टुटगार्टमध्ये एकच आहेत. तोंडाचे चार भाग: तुझी वरची उजवी बाजू 1, वरची डावी 2, खालची डावी 3, खालची उजवी 4. मग पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत जायचं, अक्कलदाढ आठवी. तुझी दाढ खालच्या डावीकडे मधून सहावी असेल तर ती तीन-सहा. छत्तीस नव्हे, तीन आणि सहा असे सुटे आकडे. जर्मनमध्ये ‘ड्राय-झेक्स’. सातवी असेल तर ‘ड्राय-झीबन’. आरशासमोर उभी राहून मोज.

पहिल्यांदा गेल्यावर एक फॉर्म भरायला देतील. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ होण्याची गोळी, मधुमेह, गरोदरपण, हे प्रश्न त्यात असतात. हा फॉर्म अंदाजानं भरू नकोस. फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून बघ, किंवा इंग्रजी फॉर्म आहे का विचार, पुष्कळ ठिकाणी असतो. आणि भूल मागायला लाजू नकोस. इथे बारीक कामाला काही डॉक्टर आधी विचारतात, भूल हवी की नको, आणि आपण भिडेपोटी ‘चालेल’ म्हणतो. ‘मिट श्प्रित्से, बिटे’ म्हण. इंजेक्शन देऊनच करा.

मिस्टरांनी बरोबर यावं, जरूर यावं, दोघांना मिळून जास्त कळतं. पण खुर्चीत तू असशील. डॉक्टर त्यांच्याशी बोलायला लागली तर तूच म्हण, मला सांगा. त्यांना माझा एवढाच निरोप दे: सांगलीच्या डॉक्टरांवरचा त्यांचा भरवसा मला पूर्ण समजतो. लहानपणापासून तोंड ओळखणारा माणूस परदेशात कुठून मिळणार? सांगलीच्या त्या डॉक्टरांनाही यात घ्या. इथे काढलेल्या एक्स-रेची प्रत मागणं हा तुझा हक्क आहे. ती त्यांना पाठव, त्यांचं मत घे. तीन-सहा म्हटल्यावर त्यांनाही कळेल.

कॅपचं काम सांगलीला करावं का, हा प्रश्न पुढे येईलच. पैशांच्या हिशेबात ते बरं पडू शकतं. पण समज, सुट्टी तीन आठवड्यांची, त्यात दोन लग्नं आणि कोल्हापूरची फेरी. माप घेणं, लॅबमधून कॅप येणं, उंच लागली तर घासून नीट करणं, याला निवांत दिवस लागतात. शिवाय इथे केलेल्या सिमेंटला आणि कॅपला दोन वर्षांची हमी असते. तिकडची कॅप फेब्रुवारीत खुपायला लागली तर इथल्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून बघावं लागेल. रूट कॅनालनंतर दाढ ठिसूळ होते, ती कॅपशिवाय फार महिने ठेवायची नसते. तेव्हा इथला आराखडा हातात आला की आकडे समोर ठेवून दोघं ठरवा. आत्ताच ठरवायची घाई नाही.

आत्ता घाई आहे ती दाढेची. कार्ड, मराठी-जर्मन शब्दांचा तो कागद आणि पाण्याची बाटली पर्समध्ये भरून ठेव, पाणी फ्रिजमधलं नको. दारावरची वेळ आज संध्याकाळीच जाऊन बघून ये. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी पुष्कळ दवाखाने बंद असतात.